रेघेखालचा मुलूख

नागपूरच्या विमानाचं दार बंद झालं की थोड्या वेळानं वैमानिकाचा आवाज येतो. आज हवा चांगली आहे, आपला प्रवास साधारण एक तास दहा मिनिटांचा आहे, असं तो सांगतो. हातातल्या तिकिटावर मात्र दीड तासापेक्षा जास्त वेळ छापलेला असतो. दोन्ही आकडे खरे आहेत. वैमानिक सांगतो तो हवेतला वेळ, चाकं जमीन सोडतात तिथपासून पुन्हा जमिनीला टेकतात तिथपर्यंतचा. तिकीट मोजतं ते विमान जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या गावी जागेवर उभं राहीपर्यंत. मधली वीस-पंचवीस मिनिटं मुंबईच्या विमानतळाला द्यायची असतात. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची आणि बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. खिडकीतून पुढच्या विमानांची शेपटं दिसतात, पलीकडे झोपड्यांचे निळे पत्रे आणि त्यांच्यामागे टेकडी. ती मिनिटं मला आवडतात. निघालो तर आहोत, पण अजून गेलेलो नाही, अशी ती वेळ असते.

सांताक्रूझच्या या विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंतचं सरळ अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. कागदोपत्री दोन्ही विमानतळांची नावं आता मोठी आहेत, एक छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचं, एक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या. माझ्या तोंडी मात्र लहानपणची सांताक्रूझ आणि सोनेगाव हीच नावं बसली आहेत. ६८० किलोमीटर हा आकडा काढायची रीत सोपी आहे. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या गोलाईवरून त्यांना जोडणारी सगळ्यात आखूड रेघ मोजायची. त्या रेघेला डोंगर, नदी, घाट, तालुका यांतलं काही ठाऊक नसतं. एकदा मी महाराष्ट्राचा मोठा नकाशा जमिनीवर पसरला, दोन्ही ठिकाणी टाचण्या टोचल्या आणि मध्ये पट्टी ठेवून पेन्सिल ओढली. मग गुडघ्यांवर बसून त्या रेघेखाली कोणकोणती गावं आली ते वाचत गेलो. तेव्हापासून खिडकीची जागा मिळाली की मी खाली तीच रेघ शोधत असतो. विमान काही तिच्यावरून काटेकोर जात नाही, त्याला आकाशातले ठरलेले मार्ग असतात, ढग चुकवायचे असतात. तरी ते तिच्या डाव्या-उजव्या अंगानंच चाललेलं असतं.

कल्याणला जरा बाजूला ठेवून ती रेघ मुरबाडवरून जाते आणि मग सह्याद्रीला भिडते ती नेमकी हरिश्चंद्रगडापाशी. नकाशावर हे पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला. मुंबईहून नागपूरला जाणारी सगळ्यात सरळ वाट गडाच्या कोकणकड्यावरून जावी! तरुणपणी त्या कड्याच्या टोकाशी पोटावर पडून खाली डोकावलो होतो. खाली धुकं आणि पाठीशी ऊन असलं तर तिथे धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं पुरं वर्तुळ उमटतं. गडावर येणारे त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात ते इथे पाहिल्याचं गडावर जाणारा प्रत्येक जण सांगतो. आम्हाला त्या दिवशी दिसलं नाही, ऊनच नव्हतं. दिसलं ते पुष्कळ वर्षांनी, विमानातून. ऑक्टोबरातली सकाळ होती, घाटावर पांढरे ढग साचलेले होते, आणि डावीकडे जरा मागच्या अंगाला त्या ढगांवर विमानाची इवलीशी सावली पळत होती, भोवती रंगांचं कडं घेऊन. ज्या कड्यावर ते बघायला तासन्‌तास बसलो होतो, तो कडा त्या ढगांखालीच कुठेतरी असणार. शेजारचा प्रवासी झोपला होता. त्याला उठवावं असं फार वाटलं.

डावीकडे बसावं की उजवीकडे, हा माझा कायमचा पेच आहे. डावीकडे कळसूबाई आहे, भंडारदऱ्याचं पाणी आहे. उजवीकडे जरा पुढे गेल्यावर नाथसागर आहे. आणि पावसाळ्यात दोन्हीकडे जे दिसतं ते कुठल्याही भूगोलाच्या पुस्तकापेक्षा स्वच्छ. घाटमाथ्यापर्यंत ढगांची गच्च गादी असते, खालचं काहीही दिसत नाही. माथा ओलांडून संगमनेरच्या अंगाला आलं की ती विरत जाते, तिला भोकं पडतात, आणि भोकांतून तपकिरी जमीन दिसू लागते. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच. वरून बघताना तो फरक पाच-सात मिनिटांत डोळ्यांपुढून सरकतो. खाली तो कितीएक पिढ्यांच्या नशिबी आलेला आहे. कड्याच्या अलीकडे भात, पलीकडे बाजरी. मग रेघ प्रवरेच्या, गोदावरीच्या काठची उसाची हिरवी पट्टी ओलांडते आणि छत्रपती संभाजीनगरच्या जवळजवळ डोक्यावरून जाते. पुढे देऊळगाव राजाच्या आसपास जमिनीवर पांढरे-हिरवे चौकोन चमकतात, बियाण्यांसाठी उभारलेल्या शेडनेटचे. आणि निळ्या प्लास्टिकची शेततळी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ती नव्हती. दुष्काळाशी माणसं कशी झुंजतात ते इतक्या उंचीवरूनही कळतं, कारण ती झुंज आता भौमितिक आकारांत दिसते.

मेहकरच्या सुमारास उजवीकडची खिडकी असेल तर लोणारचं सरोवर दिसू शकतं. सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंदीचं ते गोल पाणी, त्याच्याभोवती काठाचं कडं, आणि सभोवती सपाट मुलूख. आकाशातून पडलेल्या दगडानं झालेलं हे विवर, ते आकाशातूनच बघावं. जून २०२०मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं आणि तेव्हा नेमकी विमानं जवळजवळ बंद होती. त्यानंतर रेघ कारंजा लाडच्या बाजूनं, कापसाच्या काळ्या जमिनीवरून आर्वीकडे जाते. तोवर विमान उतरायला लागलेलं असतं. एवढ्याशा प्रवासात ते स्थिर उंचीवर असं फार वेळ नसतंच. अर्धा वेळ चढण्यात आणि उतरण्यात जातो.

रेल्वेनं हेच अंतर ८३७ किलोमीटरचं होतं. बोरीबंदराहून १८५३मध्ये ठाण्यापर्यंत गेलेली गाडी १८६७मध्ये नागपूरला पोचली. ती नाशिक, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा अशी उत्तरेकडून वळसा घेऊन गेली. आमचं लहानपण त्या वळशावर गेलं. मे महिन्याची सुट्टी लागली की आई आम्हाला घेऊन मामाकडे निघायची. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळची. कसाऱ्याला गाडी थांबायची, मागे जादा इंजिनं लागायची, आणि मग घाट चढताना अंधारात बोगद्यांचा वेगळा आवाज ऐकू यायचा. इगतपुरीला गार वारा. रात्री कधीतरी भुसावळ, फलाटावर केळी आणि चहा. पहाटे शेगाव आलं की डब्यातली निम्मी माणसं जागी होऊन हात जोडायची, आई आम्हालाही उठवायची. उजाडल्यावर बाहेरचा प्रदेश बदललेला असायचा, माती काळी, ऊन वेगळं, आणि डब्यातलं बोलणंही वेगळं. बडनेऱ्याला चढलेल्या माणसांच्या बोलण्यानं आई खुलायची. वर्धा जाईपर्यंत ती स्वतः तसंच बोलायला लागलेली असायची. मुंबईत बारा महिने आमची आई असणारी ती बाई त्या रात्रीत हळूहळू कुणाची तरी मुलगी, कुणाची बहीण होत जायची. त्याला तेवढी रात्र लागायची. विमानातून उतरताना मला नेहमी वाटतं, आपण पोचलो खरे, पण तसं होऊन पोचलो का?

ही तक्रार नाही. वेगाबद्दल तक्रार करावी असं मला कधीच वाटलं नाही, त्याचं कारण पुढे येईल. पण चालण्याचाही एक हिशेब आहे, तो सांगून टाकतो. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते, तिची पायवाट सातशे किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे जवळजवळ सांताक्रूझ-सोनेगाव एवढीच. वारकऱ्यांना ती चालायला महिनाभर लागतो. शेगाव माझ्या रेघेच्या उत्तरेला आणि पंढरपूर दक्षिणेला, त्यामुळे दरवर्षी पालखी कुठेतरी ही रेघ ओलांडतेच. वरून आम्ही जात असतो, खालून ते. एकाच लांबीचे दोन प्रवास, एक तासाचा आणि एक महिन्याचा, एकमेकांना काट मारून जातात. महिनाभर चालणाऱ्याला कुणी विचारत नाही की एवढा वेळ का लावता. वेळ लागावा हेच त्या जाण्याचं प्रयोजन आहे.

मुंबई आणि नागपूर यांच्यात सूर्याचंही अंतर आहे. रेखांशांत सहा अंशांहून थोडा जास्त फरक, म्हणजे पंचवीस मिनिटं. घड्याळ एकच, पण नागपूरला दिवस पंचवीस मिनिटं आधी उगवतो आणि आधीच मावळतो. भारताची एक प्रमाणवेळ १९०६मध्ये ठरली, तरी मुंबईनं आपली जुनी, एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ पुढे पुष्कळ वर्षं सोडली नव्हती. मुंबईची महापालिकाही ती धरून होती. त्या हट्टामागे ऊन होतं, हे मला मामीच्या फोनमुळे समजलं. तिचा फोन तिन्हीसांजेला येतो. "दिवे लागले का रे तिकडे?" ती विचारते. तिच्या अंगणात तुळशीपाशी पणती लागलेली असते आणि माझ्या खिडकीत समोरच्या इमारतीच्या काचांवर लख्ख ऊन असतं. संध्याकाळच्या विमानानं नागपूरहून परत येताना तर याहून विलक्षण घडतं. विमान पश्चिमेला पळतं, सूर्यही पश्चिमेला. या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी साधारण १,५७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे फिरतो आणि विमान ताशी आठशेच्या आसपास उलट दिशेनं जात असतं. म्हणून सूर्यास्त जवळजवळ दुप्पट लांबतो. तांबूस उजेड पंखावर रेंगाळतो, जातच नाही. जातानाच्या विमानात मात्र अंधार भसकन येतो.

माझा मामा टपाल खात्यात होता, सॉर्टिंगला. त्याच्या ऐन उमेदीची वर्षं सोनेगावला रात्रपाळीत गेली. ३० जानेवारी १९४९ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते, त्यांच्या पुढाकारातून ती आली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमानं निघायची आणि मध्यरात्रीनंतर चारही नागपूरला येऊन उभी राहायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, आणि पहाटे ती विमानं पुन्हा चार दिशांना जायची. साध्या दराचं पत्रही जादा पैसे न घेता विमानानं जाऊ लागलं ते त्याच वर्षी. देशाच्या मधोमध असल्याचा नागपूरला इतका देखणा उपयोग दुसरा कुठला झाला असेल असं मला वाटत नाही. तिथल्या शून्य मैलाच्या दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, छिंदवाडा अशी गावं आणि त्यांचे मैल कोरलेले आहेत. तो दगड अंतर सांगतो. मामाची धावपट्टी ते मिटवत होती.

मामा त्या रात्रींबद्दल फार आवडीनं बोलायचा. आधी नुसता आवाज. मग अंधारात एक दिवा. कोणत्या दिशेला दिवा दिसला त्यावरून कोणतं विमान आधी आलं ते ही मंडळी ओळखायची. डकोटाची इंजिनं बंद झाली की एकदम रातकिडे ऐकू यायचे. थोडे प्रवासीही असायचे, ते उतरून चहा प्यायचे, बंगाली, तमिळ, पंजाबी, मराठी, सगळे झोपाळलेले, आणि तासा-दोन तासांत पांगायचे. थैल्या फोडायच्या, बांधायच्या, मोहोर लावायची. मद्रासच्या थैलीतून निघालेलं पत्र दिल्लीच्या थैलीत टाकताना मामाला वाटायचं की या पत्राला वाटेत भेटलेला आपण एकटाच माणूस. तो म्हणायचा, "अर्धा देश रात्री माझ्या हातून जायचा, आणि घरी कुणाला पत्ता नाही." सकाळी सायकलनं घरी येऊन तो झोपायचा तेव्हा मुंबईत कुणीतरी दार उघडून टपाल घेत असेल, एवढा विचार त्याला पुरायचा. ती सेवा पुढे सत्तरच्या दशकात बंद झाली. मामा नंतर दिवसपाळीत गेला, निवृत्त झाला, पण रात्री दीड-दोनला जाग यायची सवय त्याला शेवटपर्यंत होती.

आजोबा गेले तेव्हा आम्हाला तार आली होती. दुपारी. त्या संध्याकाळच्या गाडीची वेळ आई पाळू शकली नाही, दुसऱ्या दिवशी निघाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोचली. तिच्या वाट्याला अस्थी आल्या. ती याबद्दल कुणाला कधी बोलली नाही. त्या काळी मुंबईला दिलेल्या मुलींचं असंच व्हायचं, आणि तसंच होणार हे लग्न ठरतानाच सगळ्यांना ठाऊक असायचं.

मामा गेला तेव्हा पहाटे फोन आला. मी सकाळचं विमान धरलं. त्या दिवशी मी खाली काही पाहिलं नाही. नागपूरला धरमपेठेत घराशी रिक्षा थांबली तेव्हा अंगणात माणसं उभी होती, तयारी झालेली होती. ऊन चढत होतं आणि कुणीतरी मामीला विचारत होतं, आता निघायचं का. ती म्हणाली होती, "तो विमानात बसला आहे. थांबा." हे मला नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं. मला मामाचा चेहरा पाहायला मिळाला, अंबाझरी घाटापर्यंत खांदा देता आला. वेगाबद्दल माझी तक्रार नाही ती यामुळे. दोन विमानतळांमधली ती सत्तर मिनिटं म्हणजे माझ्या आईच्या पिढीच्या बायकांना न मिळालेली गोष्ट आहे.

त्या दिवसानंतर मला अंतराकडे दुसऱ्या टोकाकडून बघायची सवय लागली. प्रवासाचा वेळ छापतात तो जाणाऱ्याचा. वाट बघणाऱ्याचा वेळ कुठेच छापत नाहीत. तो "निघालो" या शब्दापासून सुरू होतो आणि दारात चपला काढल्याचा आवाज येईपर्यंत चालतो. मामी एका बाजूनं रोजची कामं करत असते, पण तिच्या मनात विमान चाललेलं असतं. आता सुटलं असेल, आता वर असेल, आता उतरत असेल. खिडकीपाशी बसून मी मुरबाड, संगमनेर, कारंजा ओळखत जातो आणि ती ओट्यापाशी उभी राहून तोच प्रवास खिडकीविना करते.

आकाशात एक नियम आहे. पूर्वेकडे जाणारी विमानं विषम हजार फुटांवरून उडतात, पश्चिमेकडे जाणारी सम हजारांवरून. म्हणून नागपूरला जाणारं विमान आणि तिथून मुंबईला येणारं विमान वाटेत कुठेतरी हजार फुटांच्या फरकानं एकमेकांजवळून जाऊ शकतात. हजार फूट म्हणजे तीनशे मीटर. तो क्षण दिसतोच असं नाही, दिसला तर एक चांदीची रेष सर्रकन मागे जाते. त्यातही कुणीतरी कुणाकडे निघालेलं असतं. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपूरला असतं, तेव्हा या विमानांत फायली घेतलेली माणसं भरलेली असतात. त्यामागच्या १९५३च्या नागपूर कराराची आठवण विदर्भात अजून जिवंत आहे. मुंबईला बसून आमचा निर्णय होतो ही भावना तासाभराच्या विमानानं पुसली गेली नाही, आणि ती वेगानं पुसली जाईल असं मानणं मला बरोबर वाटत नाही. काही माणसांना मुंबई अजूनही आजोबांच्या तारेइतकीच लांब आहे.

आता जमिनीवरची वाटही रेघेजवळ सरकू लागली आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पुरा झाला. तो ७०१ किलोमीटरचा आहे, आणि कसाऱ्याचा घाट तो आठेक किलोमीटरच्या बोगद्यानं पार करतो. जादा इंजिनं लावून चढायचा तोच घाट. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरात तिथून उड्डाणं सुरू झाली. परवा मी पुन्हा नकाशा काढला. उलव्यापाशी नवी टाचणी लावली. नवी रेघ दहा-पंधरा किलोमीटरनी आखूड आहे. हरिश्चंद्रगड तिच्या उत्तरेला राहतो, आणि ती जाते जुन्नरच्या अंगानं. शिवनेरी तिच्या अगदी जवळ येते. पुढे दोन्ही रेघा एकमेकींजवळ येत येत सोनेगावला मिळतात.

हे सगळं मी मामीला फोनवर सांगितलं. शिवनेरीचं ऐकून तिला बरं वाटलं. पनवेल कुठे, उलवे कुठे, माझ्या घरापासून तिथे जायला किती वेळ, पूल कोणता, टॅक्सी किती घेते, हे तिनं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "ते सारं ठीक आहे. तिकडून निघाला तर जेवायला कितीपर्यंत थांबू?"